घरातल्या माणसाला पोलिसांनी नेलं, तर पहिल्या चोवीस तासांत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

रात्री साडेदहाला फोन येतो. "दादा, आमच्या पोराला पोलिसांनी उचललंय." मी पहिल्यांदा विचारतो, "किती वाजता?" जवळजवळ प्रत्येक वेळी एकच उत्तर येतं, "सांजच्याला कवातरी." कोणत्या ठाण्यात, हे माहीत नसतं. कोण घेऊन गेलं, तेही माहीत नसतं. एवढंच माहीत असतं की, "माजी नगरसेवकांना सांगितलंय, ते बघतो म्हणालेत."

विधी स्वयंसेवक म्हणून काही वर्षं हे काम करतो आहे. माणसं हक्क माहीत नसल्यामुळे अडतात, असं मला वाटत नाही. अटक झालेल्याला चोवीस तासांत कोर्टापुढे न्यावं लागतं, हे कोल्हापुरात पानटपरीवरही ऐकायला मिळतं. माणसं अडतात ती क्रम चुकल्यामुळे. पहिल्या तासात वेळ लिहून ठेवायची असते आणि कागद द्यायचा असतो. तो तास फोनाफोनीत जातो आणि मग कागदावर पोलिसांनी लिहिलेली वेळच खरी ठरते. म्हणून हा लेख.

कायद्याची नावं 1 जुलै 2024 पासून बदलली आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पुढे 'संहिता' म्हणेन ती हीच. कलमांचे आकडे पाठ करायची गरज नाही. मात्र अर्जात बरोबर आकडा असला की समोरचा अर्ज नीट वाचतो, म्हणून ते देतो आहे.

## आधीची तयारी, घरात काहीही झालेलं नसताना

एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एवढं ठेवा: घरातल्या प्रत्येकाच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स, अठराच्या आतल्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले किंवा जन्मदाखले, नियमित औषधं घेणाऱ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि चार कोरे कागद. फौजदारी काम करणाऱ्या एका वकिलाचा नंबर कागदावर लिहून फोल्डरात टाका. मोबाईल जप्त झाला तर त्यातला नंबर काही कामाचा नाही.

दुसरी तयारी तोंडपाठ करायची. घरातल्या प्रत्येकाला, कॉलेजला जाणाऱ्या पोरांनाही, कुटुंबातल्या दोघांचे मोबाईल नंबर पाठ हवेत. अटक झालेला माणूस "यांना कळवा" असं सांगू शकतो आणि त्याप्रमाणे कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम 48). पण त्याला नंबरच आठवत नसेल, तर तो हक्क ठाण्याच्या बाकावरच बसून राहतो.

जामीनदार कोण होऊ शकेल, हेही आधीच मनात धरून ठेवा. सातबारा किंवा घराचा उतारा नावावर असलेला, आधार कार्ड जवळ बाळगणारा आणि सांगितल्या दिवशी खरंच येणारा माणूस हवा.

## टप्पा 1: दारात पोलीस आल्यावर

चार गोष्टी विचारायच्या, आवाज न चढवता:

1. साहेब, आपलं नाव आणि कोणतं ठाणं?
2. याला अटक करताय की चौकशीला नेताय?
3. गुन्हा कोणता, नंबर काय?
4. कुठं नेताय?

संहितेच्या कलम 36 प्रमाणे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट दिसायला हवं. साध्या वेशात कुणी आलं, तर ओळखपत्र दाखवायची विनंती करा. गाडीचा नंबर लिहून घ्या. भिंतीवरच्या घड्याळात बघा आणि वेळ लगेच कागदावर लिहा. तोच कागद मोबाईलवर धरून त्याचा फोटो काढा आणि दोन नातेवाइकांना पाठवा. फोटो पाठवल्याची वेळ दोघांच्याही मोबाईलवर आपोआप नोंदली जाते.

नेण्याआधी त्या माणसाच्या कानावर दोनच वाक्यं घाला: "कोऱ्या कागदावर सही करू नको. मी तासाभरात पोचतोय."

सावधान: दारात आडवं पडणं, गाडी अडवणं, हिसकाहिसकी करणं यातलं काहीही करू नका. सरकारी कामात अडथळा आणल्याचा दुसरा गुन्हा लागतो आणि मग कोठडीत एकाऐवजी दोघं जातात. कोल्हापुरात गल्ली चटकन गोळा होते, हे आपलं बळ आहे. पण या प्रसंगी गल्लीला घरी बसवा.

स्त्रियांसाठी: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थिती असेल, तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते (कलम 43). रात्री कुणी आलंच, तर "परवानगीचा आदेश दाखवा" एवढं म्हणा.

## टप्पा 2: माणूस नेमका कुठं आहे, हे शोधणं

इथं दोन-तीन तास वाया जाताना मी कितीदा पाहिलं आहे. शहरात लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा, शाहूपुरी, राजारामपुरी अशी ठाणी एकमेकांना लागून आहेत आणि पुलापलीकडे, रस्त्यापलीकडे हद्द बदलते. माणूस राहतो राजारामपुरीत, भांडण झालं शाहूपुरीच्या हद्दीत आणि घरचे रात्रभर राजारामपुरीच्या दारात. हद्द घटना जिथं घडली तिथली धरतात, हे लक्षात ठेवा.

दुसरी अडचण स्थानिक गुन्हे शाखेची, म्हणजे आपण म्हणतो त्या एलसीबीची. हे पथक जिल्हाभर फिरतं. त्यांनी माणूस नेला, तर तो पुढं कुठल्यातरी ठाण्याच्या ताब्यात दिला जातो. तेव्हा "एलसीबीचे होते" असं कळलं, तर कसबा बावडा रस्त्यावरच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं आणि घटनेच्या हद्दीतल्या ठाण्याकडं एकाच वेळी दोन माणसं पाठवा.

कलम 37 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात एक नेमलेला अधिकारी असतो. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप याची माहिती ठेवणं त्याचं काम आणि ती यादी ठाण्यात दिसेल अशी लावायची असते. ठाणे अंमलदाराला सरळ विचारा: "साहेब, अटक केलेल्यांच्या यादीत हे नाव आहे का?" "आत कोण कोण आहे?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं.

कुठंच पत्ता लागला नाही, तर 112 ला फोन करा. तुमच्या फोनची तिथं नोंद होते. नंतर तीही वेळेचा पुरावा ठरते.

तपासून घ्या: पुढं जाण्याआधी हातात तीन गोष्टी हव्यात: नेल्याची वेळ, ठाण्याचं नाव आणि तपास अधिकाऱ्याचं नाव. तिसरी नसली तरी चालेल, पहिल्या दोन नसतील तर पुढं जाऊ नका.

## टप्पा 3: चौकशी, नोटीस की अटक?

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून इथं जरा थांबतो.

ठाण्यात विचारलं की उत्तर येतं, "अटक नाही ओ मावशी, नुसतं चौकशीला बसवलंय. सोडतो सकाळी." मावशीला हायसं वाटतं आणि ती घरी जाते. खरं तर हे उत्तर ऐकल्यावर जास्त जागं व्हायला हवं. अटक झाली की कागद होतात, चोवीस तासांचं घड्याळ सुरू होतं, डॉक्टरकडं न्यावं लागतं. 'नुसतं बसवलेल्या' माणसाचा कागदावर पत्ताच नसतो.

कायद्यात तीनच प्रकार बसतात.

साक्षीदार म्हणून बोलावणं. त्यासाठी लेखी आदेश लागतो (कलम 179). पंधराच्या आतला मुलगा, साठीच्या वरचा पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांचा जबाब त्यांच्या घरी येऊन घ्यायचा. एखाद्या आजींना जबाबासाठी जिना चढायला लावताना दिसलं, तर हे कलम नम्रपणे सांगा. ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

संशयित म्हणून हजर राहायची नोटीस. अटकेची गरज नसेल तेव्हा पोलिसांनी कलम 35 (3) ची नोटीस द्यायची असते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या बहुतेक गुन्ह्यांत अटक करायचीच असेल, तर ती का गरजेची आहे याची कारणं लिहून ठेवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात हे बजावून सांगितलं. नोटीस मिळाली की ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी जाणं तुमच्यावर बंधनकारक आहे. गेलात, तर कारणं लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. गेला नाहीत, तर अटकेचा रस्ता तुम्हीच उघडून दिलात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस ही कायदेशीर बजावणी धरली जात नाही. तरी ती आली तर दुर्लक्ष करू नका, वकिलामार्फत लेखी उत्तर पाठवा आणि प्रत्यक्ष नोटीस मागा.

तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या वरचा किंवा अशक्त असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतल्याशिवाय अटक होत नाही.

अटक. माणसाला उठून जायची मोकळीक राहिली नाही, तिथं अटक सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयानं 1990 च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की, अटक स्वातंत्र्य प्रत्यक्ष हिरावलं गेल्या क्षणापासून धरायची, अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलेल्या वेळेपासून नाही. म्हणूनच त्या भिंतीवरच्या घड्याळाला एवढं महत्त्व.

तेव्हा ठाण्यात विचारायचा नेमका प्रश्न असा: "साहेब, अटक नसेल तर मी याला आत्ता घरी घेऊन जाऊ का? सकाळी दहाला परत हजर करतो, लिहून देतो." 'हो' आलं तर प्रश्न मिटला. 'नाही' आलं तर ती अटक आहे, पुढच्या टप्प्याला लागा.

सावधान: प्रतिबंधक कारवाई वेगळी. सण, मिरवणूक, निवडणूक यांच्या आधी शांतता राहावी म्हणून कलम 170 खाली ताब्यात घेतात. त्यालाही चोवीस तासांची मर्यादा आहे. एमपीडीएसारख्या, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखालची स्थानबद्धता मात्र या लेखाच्या कक्षेत येत नाही. तिथं चोवीस तासांचा नियम लागू नाही, थेट वकील गाठा.

## टप्पा 4: लेखी अर्ज आणि पोहोच

चोवीस तासांतलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे आणि नेमकं हेच कुणी करत नाही. माणसं ठाण्यात चार तास उभी राहतात, हात जोडतात, रडतात, पण कागद देत नाहीत. "अर्ज दिला तर साहेब चिडतील" ही भीती असते. अर्जात आरोप नसेल तर चिडण्यासारखं काही नसतं. हा नमुना घ्या, हातानं लिहा:

प्रति, मा. प्रभारी अधिकारी, ______ पोलीस ठाणे.
विषय: ______ यांना ताब्यात घेतल्याबाबत माहिती मिळणेबाबत.
महोदय, माझा मुलगा/भाऊ/पती ______, वय ___, रा. ______ यास आज दि. ______ रोजी ___ वाजता ______ येथून आपल्या ठाण्याच्या कर्मचाऱ्यांनी नेले आहे. कृपया त्यास अटक केली आहे का, असल्यास गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमे व अटकेची कारणे लेखी कळवावीत. त्यास ______ हा आजार असून सोबत औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी देत आहे. वकील श्री./श्रीमती ______ यांना भेटू द्यावे, ही विनंती.
आपला/आपली ______, मोबाईल ______.

दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. याला पोहोच म्हणतात. पोहोच देत नसतील तर भांडत बसू नका. अर्जाचा फोटो काढून ठाण्याच्या आणि पोलीस अधीक्षकांच्या ईमेलवर पाठवा आणि सकाळी पोस्ट उघडलं की स्पीड पोस्टही करा.

मागच्या पावसाळ्यातली एक माउली डोळ्यांपुढून जात नाही. ठाण्याच्या व्हरांड्यात ती उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फिटच्या गोळ्यांची पट्टी. पट्टीतल्या गोळ्या तिनं पुन्हा पुन्हा मोजलेल्या, कागद चुरगळून पांढरा पडलेला. पोरानं रात्रीची गोळी चुकवली तर पहाटे झटका येतो, हे ती सहाला आल्यापासून प्रत्येकाला सांगत होती. प्रत्येकानं "देतो, ठेवा तिथं" म्हटलं होतं. आम्ही वरचा अर्ज लिहिला, आजाराची ओळ ठळक केली, पट्टी अर्जाला पिनेनं टाचली. ठाणे अंमलदारानं अर्ज वाचला, पोहोच दिली आणि तो स्वतः गोळी घेऊन आत गेला. तो माणूस वाईट नव्हता. तोंडी सांगितलेलं सातव्या माणसापर्यंत विरून जातं. कागदावर आलं की ते ज्याच्या हातात पडतं, त्याची ती जबाबदारी होते.

## टप्पा 5: वकील

राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नं आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे. संहितेच्या कलम 38 प्रमाणे चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं. मात्र पूर्ण वेळ वकील शेजारी बसवता येत नाही. हा फरक समजून घ्या, नाहीतर ठाण्यात नको तो वाद होतो.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात त्यांचं कार्यालय आहे, तालुक्यांत तालुका विधी सेवा समित्या आहेत. आरोपींना मोफत वकील देण्यासाठी तिथंच लोकअभिरक्षक कार्यालय आहे. फोननं मदत हवी असेल, तर 15100 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. "सरकारी वकील आपल्या विरोधात असतो ना?" असं लोक विचारतात. तो वेगळा. विरोधात उभा राहतो तो सरकारी अभियोक्ता. प्राधिकरणानं दिलेला वकील तुमचा असतो.

सावधान: ठाण्याच्या बाहेर चहाच्या गाडीवर एखादा भेटतो. "साहेब ओळखीचे हायत, पाच द्या, आत्ता सोडवतो." कोणाच्याही हातात पैसे देऊ नका. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो ठाण्यातच मिळतो. अजामीनपात्र असेल तर तो कोर्टाच्या हातात आहे, त्या माणसाच्या नाही.

## टप्पा 6: अटकेचे कागद आणि सही

अटक झाली की हे कागद व्हायला हवेत:

- अटक पंचनामा. त्यावर वेळ, तारीख, घरच्या माणसाची किंवा भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही.
- अटकेची कारणं, लेखी. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही कारणं प्रत्येक गुन्ह्यात लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तातडीमुळं लगेच जमलं नाही, तरी कोर्टात रिमांडसाठी, म्हणजे पुढची कोठडी ठरवण्यासाठी, उभं करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची. नुसती कलमांची यादी म्हणजे कारणं नव्हेत. "याच माणसाला का" याचं उत्तर त्यात हवं.
- अंगझडतीची पावती. पाकीट, घड्याळ, चेन, मोबाईल, जे काढून घेतलं त्याची यादी (कलम 49).

साक्षीदार म्हणून तुम्हाला सही करायला सांगितली, तर आधी पंचनाम्यावरची अटकेची वेळ वाचा. तुमच्या कागदावर सायंकाळी 6:40 आहे आणि पंचनाम्यावर रात्री 11:15 लिहिलं असेल, तर सही नाकारायची गरज नाही. सहीच्या शेजारी लिहा: "यास सायं. 6:40 वाजता घरून नेले आहे." मग सही करा आणि खाली वेळ घाला. साडेचार तासांचा तो फरक पुढं वकिलाच्या फार कामी येतो.

जबाबाची गोष्ट वेगळी. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर, तो आरोपीचा असो की साक्षीदाराचा, सही घ्यायची नसते, असं कलम 181 च सांगतं. पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. अनुच्छेद 20 (3) प्रमाणे स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणालाही करता येत नाही. नाव, पत्ता, वय मात्र खरं सांगायचं. बाकी प्रश्नांना "वकिलांशी बोलून सांगतो" हे पुरेसं आणि कायदेशीर उत्तर आहे. खोटं बोलणं हा पर्याय नव्हे, त्यानं केस बिघडते.

अठराच्या आतलं मूल असेल तर: जन्मदाखला लगेच पुढं करा. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. "दिसायला मोठा आहे" हे कारण चालत नाही. फोल्डरातला शाळेचा दाखला इथं अख्खी रात्र वाचवतो.

## टप्पा 7: वैद्यकीय तपासणी

अटकेनंतर लवकरात लवकर सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी (कलम 53). शहरात त्यासाठी बहुधा सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिला राजे रुग्णालयात आणतात. स्त्रीची तपासणी महिला डॉक्टरनं किंवा तिच्या देखरेखीखाली व्हायची. अहवालाची प्रत त्या व्यक्तीला किंवा तिनं सांगितलेल्या माणसाला मिळते. ती मागा.

इथली चूक नेहमीची. डॉक्टर विचारतात, "काही तक्रार?" शेजारी शिपाई उभा असतो, माणूस मान हलवतो. कागदावर येतं, "तक्रार नाही." दोन दिवसांनी घरचे म्हणतात, मारलं होतं. तोवर वळ उतरलेले असतात. मार लागला असेल तर तो डॉक्टरला दाखवायचाच, कुठं आणि कशानं हे सांगायचंच. निरोप पोचवायची संधी वकिलाच्या भेटीत मिळते, तेव्हाच हे बजावून सांगा. उलट, मार लागलेला नसेल तर खोटी तक्रार करू नका. पुढच्या खऱ्या माणसाचं त्यानं नुकसान होतं.

## टप्पा 8: न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं हजर करायचं. रविवार, दिवाळी, रंगपंचमी कशाचाही अपवाद नाही. सुट्टीच्या दिवशीही रिमांडसाठी न्यायाधीश नेमलेले असतात. शहरातला गुन्हा असेल तर कसबा बावड्याचं न्यायसंकुल. पन्हाळा, कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, जयसिंगपूर इथं त्यांची त्यांची न्यायालयं आहेत. आदल्या रात्रीच तपास अधिकाऱ्याला कोर्ट आणि अंदाजे वेळ विचारून ठेवा आणि वकिलाला कळवा. घरचे ठाण्यात बसून राहिले आणि रिमांड होऊनही गेली, हे मी पाहिलं आहे.

न्यायाधीश माणसाला विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" घाबरून "नाही" म्हणू नये, याची तयारी करून घ्या. मारहाण, उपाशी ठेवणं, औषध न देणं, वेळेतला घोळ, जे खरं आहे ते तिथं सांगायचं. ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या नोंदीत येतं. याच ठिकाणी तुमचा पोहोच घेतलेला अर्ज वकिलाच्या हातात असला पाहिजे.

मग दोन शब्द कानावर पडतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, माणूस परत ठाण्यात. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, माणूस बिंदू चौकातल्या उपकारागृहात किंवा कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात. "एमसीआर झाली" ऐकून घरच्या बायका हंबरडा फोडतात, कारण जेल हा शब्द मोठा वाटतो. वकील मात्र बहुतेकदा सुटकेचा श्वास सोडतो. पोलिसांची विचारपूस संपत आलेली असते आणि जामिनाचा अर्ज पुढं सरकतो.

जामीन झाला की जामीनदार त्याच दिवशी हजर हवा. उताऱ्याची ताजी प्रत, आधार, फोटो हे सगळं सोबत हवं. दुपारी आदेश होतो आणि जामीनदार शिरोळहून निघालेला असतो, कार्यालय बंद होतं आणि माणूस आणखी एक रात्र आत राहतो. जामीनपात्र गुन्ह्यात गरिबीमुळं आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायची तरतूद कलम 478 मध्येच आहे. वकिलाला आठवण करा.

## टप्पा 9: चोवीस तास उलटले आणि कोर्टात नेलंच नाही तर

लगेच वकिलाकरवी न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करा. त्याच वेळी पोलीस अधीक्षकांना ईमेल पाठवा. माणसाचा ठावठिकाणाच लागत नसेल, तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका, म्हणजे 'माणसाला आमच्यापुढं हजर करा' अशी मागणी. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत चालू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडं आहेत. पूर्वी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागायची, तेवढ्यात पोलीस माणूस हजर तरी करायचे नाहीतर सोडून तरी द्यायचे. आता तसं नाही, आणि "हायकोर्ट म्हणजे मोठ्यांचं काम" हा समज सोडून द्या. विधी सेवेतून तिथंही मोफत वकील मिळतो.

## सुटून आल्यावर दोन कामं उरतात

मारहाण किंवा बेकायदा डांबून ठेवणं झालं असेल, तर ठाण्याच्या सीसीटीव्ही चित्रणासाठी लगेच अर्ज द्या. प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसह, कॅमेरे बसवायचे आणि चित्रण किमान वर्षभर जपायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं आहे. अर्जात "चित्रण जतन करावे" असे शब्द असू द्या आणि तारीख, वेळ, जागा नेमकी लिहा: दि. अमुक, सायं. 6:40 ते दुसऱ्या दिवशी दुपारी 3, ठाणे अंमलदार कक्ष, व्हरांडा, लॉकअप. "सगळं फुटेज द्या" असा अर्ज परत येतो.

महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडं तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते. साध्या मराठीत लिहिली तरी चालते, वकील लागत नाही. सोबत जोडायचं ते एवढंच: पोहोच घेतलेला अर्ज, 112 ला केलेल्या फोनची नोंद, वैद्यकीय अहवाल, रिमांडच्या आदेशाची प्रत आणि नेलं त्या क्षणी वेळ लिहिलेल्या कागदाचा तो फोटो.